खांद्यावर घेतलं की बंद पडतं

आमच्या सोसायटीतल्या माळीमामांचं काम माझ्या एका वाक्याने गेलं. वाक्य सहा शब्दांचं होतं. ते बोलल्यावर लोक हसले होते, त्यामुळे मला ते दोन-तीन दिवस फार आवडलंही होतं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

आधी माझं सांगते. मी एका तंत्रशिक्षणाच्या संस्थेत बत्तीस वर्षं विजेच्या वर्कशॉपमध्ये शिकवलं. त्या काळी साडीचा पदर खोचून हातात पाना घेणारी तिथे मी एकटीच. ‘तुम्हाला जमेल का हो हे?’ हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला की पुढे पुढे कुणी विचारायच्या आतच मला राग यायला लागला. निवृत्त झाल्यावर त्या रागाला काही कामच उरलं नव्हतं. ते सोसायटीनं दिलं. कर्वेनगरातल्या आमच्या चार इमारतींत मिक्सर बिघडू दे, पंप बिघडू दे, जिन्यातला दिवा फडफडू दे, सगळे माझ्याकडे. मी आधी त्यांना चार शब्द ऐकवायचे आणि मग दुरुस्त करून द्यायचे. लोक शब्दही ऐकून घ्यायचे. फुकटात काम होत असेल तर पुणेकर काय वाटेल ते ऐकून घेतो.

गवत कापायचं मशीनही असंच माझ्या वाट्याला आलं. लांब दांड्याचं, पेट्रोलवर चालणारं, पट्टा खांद्याला अडकवून वापरायचं. सोसायटीनं ते घेतलं तेव्हा मामांना कोण आनंद झाला होता! तोवर ते मागची सगळी मोकळी जागा उकिडवं बसून विळ्याने कापायचे. गुडघे गेलेले. मशीन आलं आणि मामा उभे राहून गवत कापायला लागले. त्यांनी त्याला फडकं ठेवलं होतं वेगळं, काम झालं की पुसून मीटर रूममध्ये उभं करायचे. कुणी पोरंटोरं हात लावायला आली तर ओरडायचे, "ए, लांब! इंजिन हाय ते!"

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्याचं बंद करायचं बटण मोडलं. बुधवार पेठेत जाऊन मी तसंच बटण शोधून आणलं आणि बसवलं. बटणाबरोबर आलेली वायर चार बोटं आखूड होती. मूळची वायर दांड्याला वळसा घालून चिमट्यातून जायची, ही तिथवर पोचेना. जोड द्यायचा मला कंटाळा आला. मी ती सरळ नेली, दांड्यावरच्या ज्या लोखंडी पट्टीला खांद्याच्या पट्ट्याची कडी असते त्या पट्टीच्या खालून, आणि वरून काळी टेप छान गुंडाळली. इतकं नीट दिसत होतं म्हणून सांगू! मामांना म्हटलं, "बघा, कंपनीनंसुद्धा असं केलं नव्हतं." मामा म्हणाले, "तुमच्या हाताला तोड न्हाय, बाई."

जुलैत पाऊस लागला, गवत वाढलं, आणि मामा एक दिवस दारात उभे. "बाई, मशीन बंद पडतंय."

"कधी?"

"खांद्यावर घेतलं की बंद पडतं."

हे त्यांचं वाक्य. यात न कळण्यासारखं काय आहे? पहिलीतल्या पोरालाही कळेल. पण मी बत्तीस वर्षं शिकवलेली बाई, मला कसं कळणार! मी म्हटलं, "मामा, मशीनला खांदा कळत नाही. ठेवा इथं, बघते."

मशीन गॅलरीत वर्तमानपत्रावर आडवं ठेवलं आणि पद्धतशीर कामाला लागले. प्लग काढला, घासला, टोपीत घालून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि दोरी ओढली. निळी, टणक ठिणगी. कॉइल आणि चाकामधली फट व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहिली, अगदी हवी तेवढी. मीटर लावून वायरी तपासल्या, सगळ्या धडधाकट. प्लग परत बसवला, दोरी ओढली, पहिल्या झटक्यात सुरू. दहा मिनिटं चालू ठेवलं, शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. बंद पडायचं नाव नाही. खाली जाऊन मामांना दिलं आणि म्हटलं, "काही झालेलं नाही याला."

दोन दिवसांनी परत दारात. परत तेच वाक्य. मी परत सगळं तपासलं, परत सगळं ठीक. तिसऱ्या वेळेला मामा काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, म्या घेऊन दाखवतो, तुम्ही खाली चला." मी गेले. त्यांनी मशीन जमिनीवर सुरू केलं, पट्टा खांद्याला अडकवला, उचललं, मागच्या कुंपणाकडे चार पावलं टाकली आणि मशीन बंद. त्यांनी खाली ठेवलं, दोरी ओढली, लगेच सुरू. उचललं, बंद. मामा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, झालं, आता बाईंनी डोळ्यांनी बघितलं.

बाईंनी काय बघितलं? त्यांचा अंगठा. मूठ धरली की त्यांचा अंगठा बटणाच्या अगदी जवळ यायचा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, उचलताना हा माणूस बटण दाबतोय! मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "न्हाय बाई, अंगठा लागत न्हाय." मी म्हटलं, "तुम्हाला कळत नाही, पण लागतो." त्यांनी अंगठा मुठीबाहेर ताठ काढून परत उचललं. परत बंद. ते मी पाहिलं. खरंच पाहिलं. पण तोवर माझं मत झालेलं होतं, आणि एकदा माझं मत झालं की ब्रह्मदेव आला तरी... जाऊ दे. मी पाठ फिरवून जिना चढले.

आता जरा मशीनची गोष्ट सांगते, म्हणजे माझा गुन्हा नीट कळेल. घरातल्या दिव्याला वायर तुटली की दिवा जातो. या इंजिनात उलटं असतं. ठिणगी चाकातल्या चुंबकावर तयार होते, तिला बॅटरी लागत नाही, काही लागत नाही. बटणाची वायर फक्त तिला मारायला असते. बटण दाबलं की ती वायर इंजिनाच्या धातूला टेकते, आकाशातली वीज जमिनीत जाते तशी ठिणगी इंजिनाच्या अंगात जिरून जाते आणि इंजिन थांबतं. म्हणजे त्या वायरीचं प्लास्टिक कुठेही सोलवटलं आणि तांबं धातूला टेकलं तर बटण दाबल्यासारखंच होणार. हे मी दर वर्षी, दर बॅचला, फळ्यावर आकृती काढून शिकवलं आहे. परीक्षेत विचारलं आहे. ज्यांनी चुकीचं लिहिलं त्यांना नापास केलं आहे.

ऑगस्टमध्ये मागच्या गवतात साप निघाला. धामण होती, पण ए विंगमधल्या एका बाईंनी ‘नाग, नाग’ म्हणून सगळी सोसायटी गोळा केली. रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मिटिंग झाली. गवत का वाढलं? मामा उभे राहून म्हणाले, मशीन बंद पडतंय. विळ्यानं जेवढं होईल तेवढं करतोय. अध्यक्षांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही बघितलंय ना मशीन?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आणि मी म्हणाले, "दोष मशीनमध्ये नाही, दोष हातात आहे."

हशा पिकला. आमच्याकडे नेमका टोमणा मारला की माणूस खरंच बोलला असं धरतात, आणि मारणाऱ्यालाही तसंच वाटतं. कोण तरी मागून म्हणालं, "मग हात बदला." अध्यक्षांच्या ओळखीचा एक कंत्राटदार होताच, माणूस आणि मशीन दोन्ही पुरवणारा. महिनाअखेरीपासून मामांना सुट्टी. पाच मिनिटांत ठरलं. त्यानंतर टेरेसच्या गळतीवर पाऊण तास भांडण झालं.

मामा माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. मी दोन शब्द ऐकवले असते, त्यांनी चार ऐकवले असते, आणि भांडणात कदाचित काही बाहेर आलं असतं. ते फक्त म्हणाले, "बाईंनी बघितलंय म्हंजी मशीन चांगलंच आसंल. माझंच कायतरी चुकत आसंल." हे ते टोमणा म्हणून बोलले नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. मलाही ते बरं वाटलं, हे कबूल करते.

कंत्राटदाराचा माणूस पावसाळाभर स्वतःचं मशीन आणायचा. संक्रांतीच्या आधी मागचं वाळलेलं गवत काढायचं ठरलं, आगीची भीती म्हणून. त्या दिवशी त्याचं मशीन दुसरीकडे गेलं होतं, म्हणून त्यानं मीटर रूममधलं आमचं काढलं. मी गॅलरीत केस वाळवत उभी होते. खालून त्यानं हाक मारली, "मॅडम, हे मशीन उचललं की बंद होतंय."

मी कठडा धरला. तो चाळिशीचा उंचापुरा माणूस, मामांना त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. मी खाली गेले आणि बघितलं. उचललं, बंद. खाली, सुरू. त्याचे अंगठे भलतीकडेच होते.

त्याच दुपारी मशीन रिक्षात घालून मार्केट यार्डाच्या बाजूला गेले. तिथे फवारणीचे पंप, गवताची मशिनं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. कितव्या पिढीपासून पुण्यात आहेत ते त्यांनाही मोजता येत नाही, आणि त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जास्त पेठेतलं आहे. मी बोलायला सुरुवात केली, ठिणगी तपासली, फट तपासली, मीटर लावला. त्यांनी हात वर केला. "बाई, डॉक्टरांकडे आलात ना, मग डॉक्टरांना बघू द्या."

त्यांनी स्क्रू एकही काढला नाही. आधी मशीन सुरू केलं, पट्टा खांद्याला लावला आणि उचललं. बंद पडलं. मग त्यांनी खांद्यावर असतानाच दांडा एका हाताने खालून उचलून धरला, म्हणजे कडीवरचा भार काढून घेतला, आणि दुकानातल्या माणसाला दोरी ओढायला सांगितली. सुरू झालं. दांडा सोडला, बंद. बस. दोन मिनिटं लागली असतील नसतील. खाली ठेवून त्यांनी पट्टी सैल केली, माझी छान काळी टेप सोलली. आत वायर चपटी झाली होती आणि एका बाजूने लाल तांबं दिसत होतं. जमिनीवर भार नाही म्हणून ती मोकळी राहायची. खांद्यावर घेतलं की सगळं वजन त्या पट्टीवर, पट्टी वायरीवर, वायर दांड्यावर.

"चालवणारा जसा धरतो तसं धरल्याशिवाय कसं कळणार?" चाचा म्हणाले. मग चष्मा वर करून विचारलं, "पण ही वायर इथून घातली कोणत्या शहाण्यानं?"

आणि मी म्हणाले, "आमच्या माळ्यानं घातली असेल."

तोंडातून गेलं. आधी विचार केला असं नाही, पण गेल्यावर परत घेतलं असंही नाही. चाचांनी मान हलवली, "तरीच," म्हणाले, आणि नवी वायर वळशाने नेऊन चिमट्यात बसवली. मी स्टुलावर बसून बघत होते. ज्या माणसाचं काम मी घालवलं होतं, त्याच्याच डोक्यावर मी माझी चूकही ठेवून मोकळी झाले. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. मामांनाही नाही.

त्यानंतर मी अकरा दिवस घरात बसून राहिले. बसून म्हणजे, भाजी आणली, देवपूजा केली, लोकांचे मिक्सर दुरुस्त केले. वॉचमनला विचारलं तर मामा कुठे असतात ते पहिल्या दिवशीच कळलं असतं, म्हणून विचारलं नाही. रोज स्वतःला समजावायचे, आता सांगून काय होणार, त्यांना दुसरं काम लागलंही असेल, जुनी खपली कशाला काढा. मनाला पटवायला मी वकील लावला होता आणि वकीलही मीच होते. बाराव्या दिवशी स्वतःचीच शिसारी आली, तेव्हा वॉचमनला विचारलं.

मामा कोथरूडच्या एका बंगल्यात लागले होते. फाटक उघडून मी आत गेले तर मामा बागेत उकिडवे बसून विळ्याने हिरवळ कापत होते. मला बघून उठायला लागले, तर एका झटक्यात उठता येईना. हात जमिनीला टेकवून, मग गुडघ्याला टेकवून उठले.

"इथं मशीन नाही का, मामा?"

"हाय की. नवं हाय. पण म्या सांगितलंय मालकांना, मला मशीन येत न्हाय."

पाच वर्षं मशीन चालवलेला माणूस हा. मी जे सांगायला आले होते ते मनात नीट जुळवून आणलं होतं, सगळं विसरलं. धडाधडा बोलत सुटले. मामा, मशीनच बिघडलेलं होतं. वायर पट्टीखाली दबत होती. वायर मी घातली होती. तुम्ही खरं बोलत होता आणि मी गाढव होते. माफ करा. शेवटचं माफ करा इतकं हळू निघालं की परत म्हणावं लागलं.

मामांनी विळ्याला चिकटलेलं गवत बोटानं पुसून काढलं. मग म्हणाले, "म्हंजी खांद्यावर घेतलं की खरंच बंद पडत व्हतं."

"हो."

"मला वाटलं माझा हात गेला."

मी म्हटलं, मी सोसायटीत सांगते, सगळ्यांसमोर सांगते, अध्यक्षांना तुम्हाला परत घ्यायला लावते. त्यांनी मान हलवली. तिथं आता दुसऱ्याचं पोट हाय, त्याला कशाला उठवायचं, म्हणाले. मिटिंगमध्ये काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, एक करा. माझ्या घरी येऊन हे सांगा. घरचीला पटत न्हाय. ती म्हणते, एवढ्या वर्सांचं काम उगाच कोण काढतं, तुम्हीच काहीतरी केलं आसंल."

वारज्याच्या पुढे त्यांची खोली. आम्ही रिक्षाने गेलो. मामांच्या बायकोने मला ओळखलं, "वर्कशॉपच्या बाई ना?" म्हणत पलंगावरची चादर झटकली. मामा दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिला वायर, पट्टी काही सांगत बसले नाही. म्हटलं, तुमच्या नवऱ्याची काही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि चारचौघांत नाव मी त्यांचं घेतलं.

मला वाटलं ती मला बोलेल. मी त्याचीच तयारी करून गेले होते, खरं तर मला ते हवंच होतं. शिव्या खाल्ल्या असत्या आणि घरी येऊन जरा बरं वाटलं असतं. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. दाराकडे बघत होती. हातातली चादर तशीच राहिली.

"पाच म्हैने," ती म्हणाली. "पाच म्हैने मी या माणसाला काय काय बोलले. जेवताना बोलले. पावण्यांपुढं बोलले. लेकीच्या सासरी जाऊन बोलले." मग माझ्याकडे वळली आणि अगदी शांतपणे विचारलं, "ते आता म्या कसं परत घेऊ, बाई?"

दारातून मामा म्हणाले, "जाऊ दे गं. बाईंना चहा ठेव."

ती स्टोव्हकडे गेली. तिची पाठ हलत होती, आवाज येत नव्हता. चहा तिनं कपबशीत दिला, साखर जास्त घातली होती. तो नको म्हणायचं तोंड मला नव्हतं. मी तो सगळा प्यायले.